पाणी खाणारी भाषा

बँकॉकच्या थोनबुरी भागातल्या एका ‘सोई’त, म्हणजे गल्लीत, मी गेल्या पावसाळ्यात अठरा दिवस राहिले. गल्लीच्या तोंडाशी भाताची एक गाडी लागायची. गाडीवरच्या बाईंना सगळी गल्ली ‘पा’ म्हणे. आईवडिलांच्या थोरल्या बहिणीला थाईत जे म्हणतात, तेच. पहिल्या दुपारी मी त्यांच्याकडे पाणी मागितलं. पुस्तकातून पाठ करून गेले होते: पिणं म्हणजे ‘दूम’, पाणी म्हणजे ‘नाम’, तेव्हा ‘दूम नाम’. पांनी बर्फ घातलेला पेला पुढे ठेवला आणि लहान मुलाला शिकवावं तसं सावकाश म्हणाल्या, ‘किन नाम’. पाणी खा.

‘किन’ म्हणजे खाणं. थाई माणूस भात खातो, आंबा खातो, पाणी खातो, कॉफी खातो, दारू खातो, औषध खातो, विडा खातो. सिगरेट मात्र तो आपल्यासारखीच ओढतो, तिथे ‘किन’ चालत नाही. माझ्या पुस्तकातला ‘दूम’ खोटा नव्हता. त्याच गाडीवर विकायला ठेवलेल्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘नाम दूम’ छापलेलं होतं, पिण्याचं पाणी. पण बाटलीवरची भाषा वेगळी आणि ती बाटली उघडून पोराच्या हातात देताना आईच्या तोंडी येणारी भाषा वेगळी. आपल्याकडे पाटीवर ‘भोजनालय’ असतं आणि आत शिरणारा माणूस जेवायला जातो, तसंच.

या सदरात मी बहुधा मराठीच्याच अंगणात फिरते. आज जरा लांब आले आहे, कारण त्या एका क्रियापदाने मला माझ्या भाषेकडे नव्याने बघायला लावलं.

द्रवपदार्थ ‘खाणं’ ही काही थाईची एकटीची तऱ्हा नाही. बंगाली माणूस जल खातो, चहा खातो, वर सिगरेटही खातो. तमिळ घरात कॉफीचा आग्रह करतानाही जेवणाचंच क्रियापद येतं. आपल्याला ते ऐकताना खटकतं, कारण मराठीने तोंडाच्या कामांची फार बारीक वाटणी करून ठेवली आहे. चिवडा आपण खातो, ताक पितो, विडी ओढतो, लिंबाची गोळी चघळतो, मध चाटतो, कढी भुरकतो. आणि या सगळ्यांच्या वर ‘जेवणं’. ते तर खाण्यापेक्षाही वेगळं. दुपारी चार वाजता पोटभर मिसळ खाल्ली तरी रात्री आई विचारतेच, ‘जेवायचं ना?’ कोकणात तर भात पोटात गेल्याशिवाय जेवण झालं असं कोणी म्हणत नाही. मराठी क्रियापद ताटाकडे बघतं. पदार्थ घट्ट आहे की पातळ, तो नुसता तोंडात टाकायचा आहे की मांडी घालून संपवायचा आहे, हे त्याला आधी कळावं लागतं.

थाई क्रियापद ताटाकडे फारसं बघतच नाही. ते माणसाकडे बघतं.

हे मला एका सकाळी लख्ख दिसलं. सहाचा सुमार होता. अनवाणी चालत एक भिक्खू आले. पा चपला काढून गुडघ्यांवर बसल्या, भात आणि भाजीच्या पिशव्या त्यांच्या पात्रात ठेवल्या. त्याआधी ‘निमोन’ म्हणाल्या. हा शब्द निमंत्रणाचाच, पालीतून तिथे गेलेला. भिक्खू खातात त्याला ‘किन’ म्हणायचं नाही, त्यासाठी ‘छन’ हे निराळं क्रियापद. थोड्या वेळाने गल्लीतले एक निवृत्त मास्तर आले. त्यांना पांनी विचारलं ते ‘थान’ वापरून. मग शाळेचा गणवेश घातलेला नातू डोळे चोळत बाहेर आला, त्याला ‘किन’. शेजारणीच्या कडेवर वर्षाची पोर होती, तिच्या तोंडाशी बोटभर भात नेत पा म्हणाल्या, ‘मम’. मी तिथेच थबकले. हा शब्द मला कोणी शिकवायची गरज नव्हती. बाळाचं मम्मं थोनबुरीतही ममच आहे.

एकच गाडी, एकच भात आणि अर्ध्या तासात चार क्रियापदं. पदार्थ बदलला नव्हता, समोरचा माणूस बदलत होता.

या शिडीला आणखी दोन टोकं आहेत. वर राजघराण्यासाठी ‘सवोय’. एरवी ते कानावर पडायचं नाही, पण बाजारात पडतं. ‘खियाव सवोय’ नावाचा एक आंबा मिळतो. हिरवाच कापतात आणि माशाच्या गोडसर चटणीत बुडवून कुरकुरीत खातात. नावाचा अर्थ राजाने खाल्लेला हिरवा. म्हणजे राजाचं क्रियापद आंब्याच्या नावात बसलंय आणि तो आंबा पायरीवर बसून पा ‘किन’ करतात. शिडीच्या खालच्या टोकाला ‘दॅक’. हा उर्मट शब्द परक्याला म्हटला तर भांडण होईल, पण मोटरसायकल टॅक्सीवाले मित्र एकमेकांना बिनदिक्कत म्हणतात. आपल्या ‘गिळलंस का?’ची जागा नेमकी हीच. आईने रागाने म्हटलं तर लागतं, बालमित्राने म्हटलं तर बरं वाटतं.

मराठीतही माणूस दिसतो, पण तो क्रियापदाच्या शेपटीत दिसतो: जेवलास, जेवलात. धातू तोच राहतो. थाई क्रियापदाला शेपूट नसतेच. काळ, वचन, पुरुष, कशानेच त्याचं रूप बदलत नाही. त्यामुळे आदर दाखवायचा तर अख्खा शब्दच बदलावा लागतो. असे आदराचे शब्द थाईने ख्मेर, संस्कृत आणि पालीच्या घरातून बरेच आणले.

‘थान’ हा त्यांतला मला सर्वांत आवडलेला. पूर्ण शब्द ‘रप-प्रथान’. ‘रप’ म्हणजे घेणं, स्वीकारणं. ‘प्रथान’ म्हणजे आपलं प्रदान. खाणं म्हणजे दिलेलं स्वीकारणं. औषधाच्या पाकिटावर हाच शब्द छापलेला असतो: ‘रप-प्रथान’ अमुक गोळ्या, ‘लांग आहान’. आहान म्हणजे आहार, लांग म्हणजे नंतर. औषधाच्या दुकानातली मुलगी मात्र पाकीट देताना साधं ‘किन’च म्हणते. बोलताना लोक त्या लांब शब्दाचं नुसतं ‘थान’ करतात. काटेकोर भाषाशिक्षकांना ते खटकतं, कारण थान म्हणजे दान, देणं. त्यांच्या मते ‘थान खाव’ म्हटलं तर भात खाणं होत नाही, भात दान करणं होतं. व्याकरणाने त्यांचं बरोबर असेल. पण मला त्या तोकड्या शब्दाचं मोल वाटतं. घेणाऱ्याच्या क्रियापदात देणाऱ्याचं नाव राहून गेलं आहे. आणि आपण काय करतो? आदराने विचारायचं असलं की आपणही ‘खाता का, पिता का’ टाळतो आणि म्हणतो, ‘चहा घेणार?’, ‘घ्या ना अजून थोडं’, ‘प्रसाद घ्या’. दोन्ही भाषांना सभ्य खाणं स्वीकारण्यासारखं वाटलं. आणखी एक जुळणी आहे. थाईत नुसतं ‘दूम’ म्हटलं की दारू पिणंच समजतात. आपल्याकडे ‘ते पितात’ म्हटल्यावर काय पितात, हे कोणी विचारत नाही.

आता माझी खरी तक्रार. परदेशी माणसासाठी लिहिलेली बरीच पुस्तकं ‘किन’ जपून शिकवतात. ‘दूम’ आणि ‘रप-प्रथान’ आधी, ‘किन’ नंतर, तेही ‘अनौपचारिक’ असा शिक्का मारून. शिकणाऱ्याची समजूत होते की तो शब्द कमी दर्जाचा आहे. तो बातम्या वाचणाऱ्यासारखं बोलायला शिकतो आणि भाताच्या गाडीपाशी पाहुणाच राहतो. सभ्यतेची मला किंमत आहे. वडीलधाऱ्यांशी ‘थान’च बोलावं, तो शिकायलाच हवा. पण ज्या शब्दाने माणसं दिवसभर एकमेकांची विचारपूस करतात, तो दुसऱ्या धड्यात ढकलायचा नसतो.

आणि हे मी थाईच्या निमित्ताने म्हणत असले तरी मनात मराठी आहे. महाराष्ट्रात बाहेरून आलेल्या माणसाने मराठी शिकावं, हे आपण हिरिरीने सांगतो. मीही सांगते. मग त्याच्या हातात जी पुस्तिका पडते तिच्यात ‘आपण भोजन केले का?’ असतं. असं विचारणारा माणूस मला अजून एकाही जिन्यात भेटलेला नाही. त्याला ‘जेवलात का?’ द्या. ‘चहा झाला का?’ द्या. ‘गोळी खाल्ली का?’ द्या. गोळी आपणही खातो, हे त्याला कळू द्या. ही वाक्यं येत नसतील तर बाकीचं व्याकरण घेऊन तो शेजारच्या दारापर्यंतसुद्धा पोहोचत नाही.

थाईत तर ही विचारपूस नमस्काराच्या आधीची आहे. आज पर्यटकांच्या तोंडी असलेलं ‘सवत्दी’ हे आपलं ‘स्वस्ति’. चुलालाँगकॉर्न विद्यापीठातल्या एका भाषापंडिताने ते 1930च्या दशकात घडवलं आणि पिबुन सोंगक्रामच्या सरकारने 1943 मध्ये अधिकृत केलं. त्याआधीही माणसं रस्त्यात भेटतच होती. कुठे निघालास, जेवलास का, असं एकमेकांना विचारत होती. ‘किन खाव रू यांग?’ भात खाल्लास की अजून नाही? ‘खाव’ म्हणजे भात, पण प्रश्न जेवणाचा. हा ‘खाव’ स्वर वरून खाली सोडत म्हणायचा. स्वर खालच्या पट्टीत ठेवला तर बातमी होते, खालून वर नेला तर पांढरा रंग. पहिले चार दिवस मी पांना बातमी खाल्ली का, असं विचारत होते, हे मला नंतर कळलं. त्या दर वेळी ‘खाल्ली’ म्हणाल्या.

इतक्या वापरातलं क्रियापद तोंडापुरतं कसं राहील? थाई गाडी आपल्या गाडीसारखीच पेट्रोल खाते. काम वेळ खातं. लाचखाऊ पैसे खातो. मोकळ्यावर फिरायला जाणं म्हणजे ‘किन लोम’, वारा खाणं. आपण हवा खायला जातो, ते वारा खायला जातात. काम न करता सुखात राहणाऱ्याला ‘नांग किन, नॉन किन’ म्हणतात, बसून खाणारा आणि झोपून खाणारा. पोट भरणं, उपजीविका करणं म्हणजे ‘हा किन’, खाणं शोधणं. कृतघ्न माणूस घरात खाऊन छपरावर घाण करतो. आपला कृतघ्न खाल्ल्या घरचे वासे मोजतो. दोन्ही भाषांना उपकार विसरलेला माणूस दाखवायला घराचं छप्परच सापडलं.

या सगळ्यांत ‘किन पून रॉन थाँग’ मला सर्वांत जवळची वाटली: चुना खाल्ला की पोट पोळतं. मूळ म्हणीत चुना खातो तो ‘तुक्के’, भिंतीवरची मोठी, ठिपक्यांची, आपलंच नाव ओरडणारी पाल. हा विड्याचा चुना. तिथे त्यात हळद मिसळतात, म्हणून तो लालसर असतो. पालीने चोरून चुना खाल्ला, पोट पोळलं, ती ओरडत सुटली आणि चोरी उघडी पडली. आपण याच माणसाला म्हणतो, ‘खाई त्याला खवखवे’. सुरण खाणाऱ्याचा घसा आणि चुना खाणाऱ्या पालीचं पोट यांच्यात केवढं अंतर आहे, पण दोन्ही भाषांनी अपराधी मनाचा पत्ता खाण्यातच शोधला.

एका शब्दात तर इतिहास आहे. ‘किन मुआंग’, मुलूख खाणं. सयामच्या प्रांतांतल्या अधिकाऱ्याला पूर्वी राजधानीतून पगार येत नसे. प्रांतातून मिळणारं शुल्क, दंड, लोकांकडून घेतलेलं काम, यांवरच त्याने भागवायचं. आपल्या वतनदाराला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नसतं. राजा चुलालाँगकॉर्नचा सावत्र भाऊ, राजपुत्र दामरोंग, 1892 मध्ये अंतर्गत खात्याचा मंत्री झाला आणि त्याने प्रांत पगारी अधिकाऱ्यांच्या हाती आणायला सुरुवात केली. मुलूख खाणं बंद झालं, पण क्रियापद गेलं नाही. आजही पगारावर असणं म्हणजे ‘किन ङन दुआन’, महिन्याचा पैसा खाणं. पैसा कुठून येतो ते बदललं, तोंड तेच राहिलं.

शाकाहारी मराठी प्रवाशाला मात्र यांतला एकच शब्दप्रयोग खरा उपयोगी: ‘किन चे’. चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस थायलंडमध्ये, विशेषतः फुकेतमध्ये, पिवळी निशाणं लागतात आणि लोक मांस, मासे, अंडी, दूध सोडतात, कांदा-लसूणही सोडतात. हे नऊ दिवस आणि आपलं शारदीय नवरात्र बहुतेक वर्षी एकाच वेळी येतात. 2023 आणि 2024 मध्ये तर दोन्ही एकाच दिवशी सुरू झाले. एरवीच्या शाकाहाराला तिथे ‘मांगसविरत’ म्हणतात. तो शब्द मोठ्याने उच्चारून बघा: मांसविरती.

निघायच्या दिवशी विमान रात्रीचं होतं. दुपारी बॅग भरून मी गाडीपाशी गेले तेव्हा पा भांडी घासत होत्या. वर न बघताच त्यांनी विचारलं, ‘किन रू यांग?’ भात हा शब्दही आता गळून गेला होता. मी ‘यांग’ म्हटलं, अजून नाही. त्यांनी ओले हात पदराएवढ्या फडक्याला पुसले, झाकून ठेवलेलं पातेलं उघडलं आणि नातवाला बाकावर जरा सरकायला सांगितलं.