जंगल राखले, शेत कोण राखणार?

भूतानचे नाव निघाले की जंगलाचे कौतुक ठरलेले. २००८ च्या राज्यघटनेनेच किमान ६० टक्के भूमी कायम वनाखाली ठेवण्याचे बंधन घातले आहे आणि प्रत्यक्षात हे प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास आहे. हे काम मोठेच. पण या कौतुकाची किंमत कोण मोजतो? डोंगरातला शेतकरी. दक्षिण सीमेवरची शे-दोनशे मीटर उंची उत्तरेत सात हजार मीटरपलीकडे जाते, तीही दोनशे किलोमीटरच्या आत. त्यामुळे खाली संत्री, पारोच्या खोऱ्यात तांबडा भात, बुमथांगला बटाटा आणि कुट्टू, त्याहून वर याक, अशी शेती दर डोंगरागणिक बदलते. लागवडीची जमीन मात्र देशाच्या तीन टक्क्यांच्या आत-बाहेर, आणि तीही बहुतेक जंगलाला खेटून. पीक तयार होत आले की रानडुकरे उतरतात, शेतकरी रात्र-रात्र मचाणावर बसून आरोळ्या ठोकतो. (कोकणातल्या शेतकऱ्याला हे वेगळे सांगायला नको.) तरुण शहराकडे गेले, राखणीला माणूस नाही, म्हणून शेते पडीक पडतात, आणि पडीक शेतातल्या झुडपांत डुकरांना आणखी आडोसा मिळतो.

यावर हमखास म्हटले जाते, की एवढ्याशा देशाने भात पिकवण्याचा हट्ट कशाला, शेजारून विकत घ्यावा. भूतान घेतोच, त्याचा बराचसा तांदूळ भारतातून जातो. पण जुलै २०२३ मध्ये भारताने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, तेव्हा भूतानसाठी ७९ हजार टनांची खास परवानगी द्यावी लागली. शेजाऱ्याच्या मर्जीवर कायमचे विसंबणे हे धोरण नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: जंगल आहे म्हणून पाणी आहे, आणि पाण्यावर जलविद्युत. खरे आहे. म्हणूनच त्या विजेच्या मिळकतीतला वाटा कुंपण, पाट आणि नुकसानभरपाईच्या रूपाने डोंगरउतारावरच्या शेतापर्यंत पोचला पाहिजे. जंगल तोडा, असे इथे कोणी म्हणत नाही.

भूतानचे २०२० पर्यंत संपूर्ण सेंद्रिय शेतीचे उद्दिष्ट पुढे २०३५ वर ढकलले गेले. पण शेतच पडीक पडले, तर सेंद्रिय काय पिकवणार? नवी तारीख पाळायची असेल, तर भूतानच्या सरकारने आधी कुंपणाला पैसे द्यावेत.