जुन्या पिकअपची गेलेली ताकद

बारामती व इंदापूर या तालुक्यांत बैलगाडी आता बहुतांशी ऊसतोडीपुरतीच उरली आहे. निरा डाव्या कालव्याच्या आणि उजनीच्या फुगवट्याच्या पाण्यावर पिकलेली डाळिंबे, द्राक्षे, केळी व भाजीपाला सायंकाळी क्रेटमध्ये भरला जातो आणि पहाटे पुण्याच्या गुलटेकडी बाजारात किंवा त्याही पुढे वाशीस उतरतो. हे काम करणारी पिकअप गाडी पुष्कळदा दहा-पंधरा वर्षांची असते. क्वचित ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे आलेली असते. तिच्याविषयी मालकाची तक्रारही ठरलेली असते: गाडी ओढत नाही आणि ॲव्हरेज देत नाही.

या तक्रारीवर दोन उपाय सर्रास सुचविले जातात. पहिला उपाय म्हणजे डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून इंधन वाढविणे. दुसरा, जुनी गाडी येईल त्या किमतीस देऊन कर्जावर नवी घेणे. पहिल्याने इंजिन लवकर संपते, दुसऱ्याने शेतकऱ्याच्या डोक्यावर पाच वर्षांचे हप्ते चढतात. दोहोंपूर्वी करावयाचे एक साधे काम मात्र राहून जाते. कारखान्यातून निघताना गाडीच्या अंगी जी ताकद होती, ती कोठे व कशाने गेली, याचा शोध घेतला जात नाही. जुन्या गाडीत नवी ताकद घालण्याचे प्रयत्न बहुधा फसतात. गेलेली ताकद परत आणणे मात्र पुष्कळ अंशी शक्य असते, आणि ताकदीबरोबर डिझेलची बचतही आपोआप पदरात पडते.

शोधाचा आरंभ वहीपासून व्हावा. ॲव्हरेज किती, असे विचारल्यास बहुतेक चालक अंदाज सांगतात, आणि हा अंदाज गाडी नवी असतानाचा असतो. सपाट जागेवर, एकाच पंपावर, टाकी काठोकाठ भरावी. किलोमीटरचा आकडा लिहावा. पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरून लिटर व किलोमीटर मांडावेत. असे तीन-चार वेळा केले की खरा आकडा हाती येतो. किलोमीटरचा काटा बंद असल्यास तो प्रथम दुरुस्त करावा. बारामती ते पुणे हे जाऊन-येऊन सुमारे २०० किलोमीटर अंतर धरू. लिटरला १० किलोमीटर जाणाऱ्या गाडीस एका खेपेला २० लिटर लागतात; तीच गाडी १३ किलोमीटर जाऊ लागली तर साडेपंधरा लिटरांहून कमी. वर्षाच्या १०० खेपांत हा फरक ४६० लिटरांच्या घरात जातो. डिझेलचा भाव लिटरला ९० रुपये धरल्यास ही रक्कम ४१ हजारांहून अधिक होते. इतकी रक्कम शेताच्या बांधावरून वाहून जात असती, तर शेतकऱ्याने त्याच दिवशी बांध घातला असता!

आता ताकद कोठे जाते ते पाहावयाचे. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवेला दाबून तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्शात कोंडतो. त्यामुळे ती इतकी तापते की तीत फवारलेले डिझेल स्वतःच पेट घेते. म्हणजे या इंजिनाचे पहिले अन्न हवा होय. एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास किमान १० हजार लिटर हवा लागते. प्रत्यक्षात याहूनही अधिक हवा मिळाली तरच ज्वलन स्वच्छ होते. तेवढी हवा न मिळाल्यास उरलेले डिझेल काजळी होऊन नळीवाटे बाहेर पडते. मागून निघणारा काळा धूर हे विकत घेतलेले, पण न जळलेले इंधन आहे.

या दोन्ही तालुक्यांचा बराच भाग पर्जन्यछायेचा, म्हणून धुळीचा. त्यातच गळिताच्या हंगामात उसाच्या फडापर्यंतच्या कच्च्या वाटा, ट्रॅक्टरांनी उडविलेला फुफाटा आणि जळलेल्या पाचटाची बारीक राख यांची भर पडते. कंपनीच्या पुस्तिकेत एअर फिल्टर बदलण्याचे जे अंतर दिलेले असते, ते अशा वाटांसाठी पुरेसे नाही. धुळीच्या कामात ते निम्म्यावर आणावे असे समजणेच शहाणपणाचे. कागदी फिल्टर दगडावर आपटून साफ करण्याची पद्धत तर सर्वस्वी सोडून द्यावी. आपटल्याने कागदाच्या घड्या फाटतात. हवा मारावयाची तर आतून बाहेर, आणि बेताच्या दाबाने. त्यानंतर आत दिवा धरून पाहावे. प्रकाशाचा बारीकसा ठिपका जरी दिसला, तरी तो फिल्टर टाकून द्यावा. जुन्या गाड्यांत तेलाचा फिल्टर असतो. त्यातील गाळ काढून, भांडे धुऊन, खुणेपर्यंतच नवे तेल भरावे.

फिल्टर नवा असूनही इंजिन झिजते, याचे कारण पुष्कळदा फिल्टर व इंजिन यांमधील रबरी नळीत असते. ती तडकलेली असली किंवा तिची पट्टी सैल असली की धूळ फिल्टरला वळसा घालून सरळ सिलिंडरात जाते. या धुळीतील वाळूचे कण लोखंडाला कानशीसारखे घासतात. रिंगा झिजल्या की दाब गळतो, दाब गळला की हवा पुरेशी तापत नाही आणि सकाळी गाडी पांढरा धूर सोडत, कुंथत चालू होते. थोडक्या किमतीच्या नळीकडे झालेले दुर्लक्ष काही वर्षांनी इंजिन बांधून घेण्याच्या खर्चात उभे राहते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या नळ्याही याच दृष्टीने पाहाव्यात. त्या फुटल्या असता गाडी एकाएकी ओढेनाशी होते व काळा धूर सोडू लागते. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून इंजिन जोरात फिरविले की गळती बुडबुड्यांनी कळते.

पंपाचा स्क्रू फिरविण्याचा मोह का टाळावा, हे येथे उघड होते. हवा कमी पडत असताना इंधन वाढविणे म्हणजे चुलीत फुंकणीऐवजी आणखी लाकडे कोंबण्यासारखे आहे. थोडी ओढ वाढल्याचा भास होतो, क्वचित ती खरोखर वाढतेही. परंतु धूर वाढतो, पिस्टनचे डोके व व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर तापतात, आणि न जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते. पंप व नोझल यांची तपासणी करावयाची तर ती यंत्रावर लिटर व दाब मोजणाऱ्या कार्यशाळेतच करावी. नोझलची फवार धुक्यासारखी बारीक असावयास हवी, थेंब गळत असेल तर ती नोझल निकामी समजावी. त्याच वेळी टॅपेटमधील अंतर आणि पंपाचे टायमिंग पाहून घ्यावे. अलीकडच्या गाड्यांत फिरविण्यासारखा स्क्रूच नसतो. तेथे संगणकातील नोंदी बदलून देणारे लोक भेटतात. त्यांचे म्हणणेही याच कसोटीस लावावे.

आणखी एक खोड या भागात रुजली आहे, व ती कित्येक अनुभवी मिस्त्रींचीही आहे. उन्हाळ्यात इंजिन तापू नये म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकला जातो. इंजिन तापण्याचे खरे कारण बहुधा चोंदलेला रेडिएटर, सैल पट्टा किंवा झिजलेला पाण्याचा पंप हे असते. शिक्षा मात्र थर्मोस्टॅटला होते. डिझेलचे इंजिन पाण्याचे तापमान ८० ते ९० अंश असताना सर्वांत काटकसरीने चालते. थर्मोस्टॅट नसला तर हिवाळ्याच्या रात्रीच्या खेपेत ते या अंशांपर्यंत पोहोचण्यास फार वेळ घेते, कधी पोहोचतही नाही. थंड इंजिन जास्त इंधन पिते आणि जास्त झिजते. रेडिएटर साफ करून घेऊन हा लहानसा भाग परत बसवावा.

चाकांविषयी थोडक्यात सांगता येईल. हवा कमी असलेला टायर डिझेल खातो. दाब थंड टायरमध्ये व भाराप्रमाणे मोजावा. प्रवासानंतर चारही ड्रमांजवळ हात नेऊन पाहावा. एखादे चाक इतरांहून फार तापले असेल तर त्याचा ब्रेक धरून राहतो आहे, किंवा बेअरिंग बिघडले आहे. इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग चढत नाही, असे असल्यास क्लच घसरतो आहे आणि दोष इंजिनाकडे नाही.

चालविण्याच्या रीतीतही पुष्कळ जाते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास तो पावणेदोन पटीहून थोडा अधिक होतो. उंच रचलेल्या क्रेटवर फडफडणारी ताडपत्री असेल तर आणखी वाढतो. मोरगाव, जेजुरी, सासवडवरून जाणारा रस्ता पश्चिमेकडे चढत जातो. तेथे पासिंगच्या दीडपट माल भरलेली गाडी ओढत नाही, हा गाडीचा दोष म्हणता येणार नाही. दिवे घाटाचा चढ येताना लागतो खरा, पण तोवर गाडी रिकामी झालेली असते. बाजाराच्या दारात तासन् तास चालू ठेवलेले इंजिन दर तासास अर्धा लिटर किंवा अधिक डिझेल जाळते.

इंधनाच्या नळीवर बसविण्याची चुंबके, टाकीत टाकावयाच्या गोळ्या यांची जाहिरात गावोगाव होते. अमेरिकेच्या सरकारी पर्यावरण संस्थेने इंधन वाचविण्याचा दावा करणारी शंभरांहून अधिक साधने तपासली, आणि लक्षणीय बचत करणारे एकही तिला आढळले नाही. डिझेलात रॉकेल मिसळणे तर चुंबकाहून वाईट. डिझेल पंपाचे सूक्ष्म भाग डिझेलच्याच स्निग्धतेवर चालतात, रॉकेलात ती पुरेशी नसते.

हे सर्व करूनही गाडी सुधारत नाही असे होऊ शकते. दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचा दाब तपासावा. तो सर्वत्र उतरलेला असून इंजिन तेलही खात असेल, निळा धूर येत असेल, तर इंजिन बांधून घेण्याचा हिशोब मांडावा. चासी गंजून गेली असेल, तर तोही मांडू नये. अशी गाडी मोडीत काढणेच योग्य. परंतु हा निर्णय तपासणीनंतर व्हावा, चिडून होऊ नये.

या भागात इंजिनाची समज मुळीच नवी नाही. खडकी येथे १९४६ साली स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचे पंप जेव्हा विहिरींवर धडधडत होते, तेव्हा डिझेल फडक्यातून गाळून ओतण्याची आणि तेलाची काठी पाहण्याची सवय घराघरांत होती. वीज आली, इंजिने गेली आणि ती सवयही गेली. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत वाहने तयार होतात, माळेगावच्या प्रक्षेत्रावर उसाच्या पिकासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग चालतात. आणि त्याच उसाच्या शेजारून जाणाऱ्या पिकअपचा एअर फिल्टर दगडावर आपटला जात असतो. विस्तारकार्यात ठिबकाची गाळणी धुण्यास जितक्या आग्रहाने शिकविले जाते, तितक्या आग्रहाने इंजिनाची गाळणी धुण्यास शिकविले जात नाही, कारण पिकअप हे शेतीचे अवजार आहे असे कोणी मानीत नाही. हे मत बदलावयास हवे.

त्यासाठी मोठ्या योजनेची वाट पाहण्याचे कारण नाही. डाळिंब व द्राक्षांची तोडणी सुरू होण्यापूर्वी एक दिवस गावातील सर्व पिकअप शाळेच्या पटांगणात आणाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून डिझेल मेकॅनिकचा व्यवसाय शिकविला जातो. तेथील शिक्षक व विद्यार्थी यांना दाबमापक घेऊन बोलवावे. गावपातळीवरील कार्यकर्त्याने प्रत्येक गाडीचा धूर, फिल्टर, नळ्या, टायरमधील दाब व थर्मोस्टॅट आहे की नाही, एवढ्या पाच गोष्टी लिहून घ्याव्यात, आणि मालकास टाकी भरण्याची वही द्यावी. दोन महिन्यांनी त्याच वह्या पुन्हा मागवून आकडे चावडीवर सर्वांसमोर वाचले जावेत.