आजाराचे खापर ‘अडाणीपणा’वर फोडणाऱ्यांस

शहरात साथ आली की दोन गोष्टी हटकून घडतात. प्रथम धुराची गाडी फिरते आणि मागोमाग भाषणे सुरू होतात. धूर डासांसाठी असतो, भाषणे जनतेसाठी. लोकांना स्वच्छतेची चाड नाही, आरोग्याचे ज्ञान नाही, अशा जनतेपुढे प्रशासन तरी काय करणार, हा त्या भाषणांचा ठरलेला मथितार्थ. रोग झाला तो गरिबाला, आणि गुन्हेगार ठरला तोही गरीबच! हा युक्तिवाद कष्टकरी वस्त्यांतही इतका मुरला आहे की, पोर दगावलेली आई स्वतःलाच दोष देत बसते. म्हणून त्याची झडती घेणे अगत्याचे आहे.

भिलाईचेच उदाहरण घ्यावे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दुर्ग जिल्ह्याचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. पोलाद कारखान्याच्या निमित्ताने कित्येक मराठी कुटुंबे येथे स्थायिक झाली. १९५५ च्या भारत-सोव्हिएत कराराने उभा राहिलेला हा कारखाना सार्वजनिक क्षेत्राचा मानबिंदू. रेल्वेमार्गाच्या दक्षिणेस त्याची आखीव टाउनशिप आहे आणि तेथेच सेक्टर ९ चे मोठे रुग्णालय. उत्तरेस ग्रेट ईस्टर्न रोड ओलांडला की महापालिकेच्या हद्दीतील सुपेला, कोहका, वैशाली नगर हे भाग लागतात. कायम कामगाराला व त्याच्या कुटुंबाला कारखान्याचे रुग्णालय हक्काचे. बाहेरच्याला तेथील उपचारासाठी पैसे मोजावे लागतात. एकाच पोलादावर जगणाऱ्या शहरात आरोग्याचा हक्क असा नोकरीच्या दाखल्यावर ठरतो. कायम कामगारांची संख्या घटून कंत्राटी कामगारांची वाढत गेली, तसतशी ही दरी रुंदावत गेली.

ज्ञान आहे, नळ कोठे आहे?

ऑगस्ट २०१८ मध्ये दुर्ग-भिलाई परिसरात डेंग्यूची भीषण साथ पसरली. अनेकांचे प्राण गेले. त्यांत बालकेही होती. त्या वेळी जे सांगितले गेले ते शास्त्रदृष्ट्या बरोबरच होते. डेंग्यूचा एडिस डास गटारापेक्षा घरातील साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारणपणे आठ ते दहा दिवस लागतात. म्हणून पिंप, टाकी, कूलर आठवड्यातून एकदा रिकामे करावेत आणि त्यांच्या कडा घासाव्यात, कारण कोरड्या कडेला चिकटलेली अंडी कित्येक महिने तग धरतात. हा डास दिवसा चावतो. केवळ रात्रीच्या मच्छरदाणीने भागत नाही.

परंतु पिंप रिकामे करा, हा सल्ला कोणाला मानवतो? उद्या सकाळी नळाला पाणी येणारच, याची ज्याला खात्री आहे त्याला. जेथे पाणी येण्याचा भरवसा नाही, तेथे भरलेले पिंप ओतून देणारी गृहिणी शहाणी नव्हे, वेडी ठरेल. ती पाणी साठवते ते अडाणीपणाने नव्हे, तर रोजच्या हिशेबाने. तो हिशेब चुकीचा ठरवायचा असेल, तर नियमित पाणीपुरवठा करावा लागेल. पत्रके छापणे त्यापेक्षा स्वस्त, म्हणून पत्रके छापली जातात.

दुसरी गोष्ट याहून गंभीर. डेंग्यूचा खरा धोका पुष्कळदा ताप उतरू लागल्यावरच सुरू होतो. पोटात तीव्र वेदना, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, विलक्षण ग्लानी ही लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे लागते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा गोळ्या टाळाव्या लागतात, कारण त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. आता रोजंदारीवरील कामगाराचे काय होते? ताप उतरला की तो त्याच सकाळी कामावर जातो. ज्या दोन दिवसांत त्याने वैद्यकीय देखरेखीखाली असावयास हवे, नेमके तेच दिवस तो ठेकेदाराच्या हजेरीपटावर असतो. त्याला पगारी रजा नाही, हे त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर कोणी लिहीत नाही.

दल्ली-राजहराचा धडा

तथापि यावरून कोणी असा निष्कर्ष काढील की, व्यवस्था बदलल्याखेरीज आरोग्यशिक्षण व्यर्थ, ते केवळ सुधारणावाद्यांचे काम, तर ती चळवळीतील तितकीच घातक चूक होय. तिला उत्तर भिलाईच्याच खनिजाने दिलेले आहे. या कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथे १९७७ साली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन झाला. त्याच वर्षीच्या जून महिन्यात झालेल्या गोळीबारात अकरा जणांनी प्राण गमावले. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखालील या संघटनेच्या राजकारणाविषयी कम्युनिस्ट चळवळीत तीव्र मतभेद होते. परंतु खाणकामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमदानातून ३ जून १९८३ रोजी ‘शहीद अस्पताल’ सुरू केले, हे सत्य मतभेदाने पुसले जात नाही. तेथे कामगारच आरोग्य कार्यकर्ते बनले. हगवणीवर घरच्या घरी मीठ-साखरेचे पाणी कसे द्यावे, अनावश्यक इंजेक्शने व टॉनिके कशी नाकारावीत, हे त्यांनी वस्त्या-वस्त्यांत सांगितले. दारूविरुद्धची मोहीम, वेतनाचा लढा आणि आरोग्य ही कामे त्यांनी वेगळी मानली नाहीत. तेथे ज्ञान संघटनेच्या हाती होते. म्हणून ते उपदेश न राहता मागणी बनले.

मितानीन आणि इथिओपिया

सरकारी योजनांनाही हीच कसोटी लावावी. छत्तीसगढात २००२ साली ‘मितानीन’ म्हणजे मैत्रीण या नावाने वस्तीतील स्त्रियांना आरोग्याचे काम देण्यात आले. त्या अनुभवाचा आधार पुढे देशव्यापी ‘आशा’ योजनेस मिळाला. सुमारे त्याच सुमारास, २००३ साली, इथिओपियासारख्या अतिदरिद्री देशाने आरोग्य विस्तार कार्यक्रम हाती घेतला. वर्षभराचे प्रशिक्षण घेतलेल्या दोन स्त्रिया प्रत्येक ‘केबेले’त, म्हणजे सर्वांत लहान प्रशासकीय घटकात, नेमल्या गेल्या, आणि त्या सरकारच्या पगारी नोकर होत्या. बालमृत्यू १९९० च्या तुलनेत दोन-तृतीयांशांनी कमी करण्याचे उद्दिष्ट त्या देशाने २०१५ ची मुदत येण्यापूर्वीच गाठले. त्याचे सारे श्रेय या एकाच कार्यक्रमाला नाही, आणि पुढे तेथेही विनावेतन स्त्री-स्वयंसेविकांवर बोजा टाकण्यात आलाच. तरीही भारताहून गरीब देशाला जे वेतन परवडले, ते येथे का परवडू नये?

येथे मितानीन असो वा आशा, तिला कर्मचारी म्हणून दर्जा नाही. मानधन आणि कामागणिक प्रोत्साहन भत्ता, एवढ्यावर तिची बोळवण होते. २०१३ च्या ४५ व्या भारतीय श्रम परिषदेने योजना कामगारांना कामगार म्हणून मान्यता, किमान वेतन आणि पेन्शन देण्याची शिफारस केली. ती धूळ खात पडली. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला, तेव्हा अभिनंदनात सत्ताधारी आघाडीवर होते. वर्षभरानंतर महाराष्ट्रातील आशांना संपावर जावे लागले. सत्कार फुकट असतो. वेतनाला पैसे लागतात!

म्हणून वैशाली नगर असो, नागपूर असो वा मुंबईची चाळ, कार्यकर्त्यांपुढे काम स्पष्ट आहे. डेंग्यूची धोक्याची लक्षणे शाखेतील प्रत्येकास तोंडपाठ असावीत आणि ती शेजारच्या दहा घरांपर्यंत पोहोचावीत. त्याच फेरीत नळाला पाणी किती वाजता आले, किती वेळ टिकले, याची नोंद घ्यावी, आणि ती नोंद घेऊन वस्तीने महापालिकेच्या दारात उभे राहावे. कंत्राटी कामगाराच्या आजारपणातील पगारी रजेची मागणी कामगार संघटनेच्या मागणीपत्रात यावी. मितानीन व आशा भगिनींच्या लढ्यात केवळ पाठिंब्याचा ठराव नव्हे, तर प्रत्यक्ष माणसे उतरावीत. रोगाचे ज्ञान हा जनतेचा अधिकार आहे. तिला गुन्हेगार ठरविण्याचे साधन म्हणून ते वापरण्याचा अधिकार कोणत्याही सत्तेला नाही.