बिअरचा नफा आणि पाण्याचा हक्क

स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात २०१६ साली ब्रूगुडर नावाची बिअर कंपनी सुरू झाली. तुम्ही बिअर प्या, तिच्या नफ्यातून तहानलेल्यांना पाणी मिळेल, असे सांगत ती बाजारात उतरली. बिअरचे नावच ‘क्लीन वॉटर लागर’, म्हणजे स्वच्छ पाण्याची बिअर! सगळा नफा धर्मादाय कामाला द्यायचा आणि त्यातून आफ्रिकेतल्या मलावी देशातल्या खेड्यांना पिण्याचे पाणी पुरवायचे, अशी ही योजना. कंपनीचे संस्थापक अ‍ॅलन महोन नेपाळमध्ये दूषित पाणी पिऊन आजारी पडले होते. त्या दुखण्यातून त्यांना हे सुचले.

अशी बातमी वाचली की आपल्यात लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, दारूचा पैसा तो दारूचाच पैसा. पंचशील घेणाऱ्यांनी त्याचे कौतुक कशाला करायचे? दुसरा म्हणतो, निदान देतात तरी. आपले नोकरदार समाजाला विसावा हिस्सा द्यायच्या गोष्टी १४ एप्रिलला ऐकतात आणि १५ एप्रिलला विसरतात. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. ज्या गावात हातपंप बसला, त्या गावच्या बाईची पायपीट वाचली, हे आम्ही नाकारत नाही. त्या बाईला पैसा कुठून आला ते विचारण्याचे कारणही नाही.

परंतु आम्हाला विचारले पाहिजे. कारण स्कॉटलंडच्या बिअरचा पैसा मलावीत पहिल्यांदा गेला तो २०१६ साली नव्हे.

एकोणिसाव्या शतकात एडिंबरोला यंगर नावाची मोठी ब्रुअरी होती. तिचा एक भागीदार अलेक्झांडर लो ब्रूस. प्रसिद्ध मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनचा हा जावई. आफ्रिकेतल्या मिशनकार्याचा हा मोठा आश्रयदाता, म्हणजे त्या काळचा दानशूरच! या ब्रूसने आजच्या मलावीतल्या मगोमेरो येथे दीड लाख एकरांहून अधिक जमीन आपल्या नावावर केली. १८९३ साली तो वारला आणि जमीन मुलांकडे गेली. त्या जमिनीवर राहणाऱ्या आफ्रिकी माणसांना भाड्याच्या बदल्यात मळ्यावर राबावे लागे. त्या पद्धतीला तिथे ‘थंगाटा’ म्हणत. वेठबिगार म्हणजे काय हे ज्यांच्या आज्या-पणज्यांनी भोगले, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

या मळ्याविरुद्ध उभा राहिला जॉन चिलेम्ब्वे. हा काळा धर्मोपदेशक अमेरिकेत शिकून १९०० साली मायदेशी परतला आणि आपल्या माणसांसाठी शाळा काढू लागला. मळ्यावर राबणाऱ्यांनी शिकावे हे मालकांना रुचणारे नव्हते. मळ्याच्या हद्दीतली त्याची प्रार्थनाघरे जाळली गेली. जानेवारी १९१५ मध्ये त्याने उठाव केला. उठाव चिरडला गेला आणि ३ फेब्रुवारीला त्याला गोळी घालून ठार केले. आज मलावीच्या नोटांवर त्याचे चित्र आहे, आणि १५ जानेवारीला त्याच्या नावाने देशाला सुट्टी असते. चिलेम्ब्वेने मालकांकडे भीक मागितली नव्हती. त्याची लढाई माणूस म्हणून जगण्यासाठी होती.

आजच्या ब्रूगुडरला ब्रूसच्या पंगतीला बसवणे अन्यायाचे होईल. ब्रूसने घेतले, हे देत आहेत. पण एक गोष्ट बदललेली नाही. देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली. कुठल्या गावाला पंप मिळणार हे ठरवणार कोण? शिवाय नफा म्हणजे माल, मजुरी, डबे, जाहिरात, कर हे सगळे वजा जाता उरलेला पैसा. बाजार मंदावला, नफा उरला नाही, तर त्या गावाने कुणाकडे जायचे? ग्लासगोतल्या पिणाऱ्यांच्या मर्जीवर मलावीतल्या लेकराची तहान टांगून ठेवता येत नाही.

महाडने आम्हाला नेमके हेच शिकवले. चवदार तळ्याचे पाणी कुणी दयाळूपणे घागरीत ओतून दिले असते, तर तहान भागली असती, पण माणूसपण मिळाले नसते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या ओंजळीने पाणी घेतले. त्यासाठी पुढे १९३७ पर्यंत कोर्टात लढावे लागले. पाणी हा मानवी हक्क आहे हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मान्य केले २०१० साली. महाडने ते त्र्याऐंशी वर्षे आधी सांगितले होते.

आणि आपल्याकडे? ब्रूगुडर सुरू झाली त्याच वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मराठवाड्यात तेव्हाच्या औरंगाबादच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे कारखाने चालू होते. बिअरच्या एका लिटरमागे कारखान्यातच कित्येक लिटर पाणी खर्च होते. शेवटी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला दारू कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करण्याचा आदेश द्यावा लागला. कोर्टाने सांगेपर्यंत सरकारला ही तहान दिसली नव्हती काय?

उद्या अशीच एखादी कंपनी आपल्या वस्तीत बोअर मारून द्यायला येईल. वर आपली पाटी लावील, फोटो काढील. तेव्हा तहानलेल्याने पाणी जरूर प्यावे. मात्र त्याच दिवशी वस्तीतल्या कार्यकर्त्यांनी नगरपालिकेत जाऊन विचारावे, आमच्या घरापर्यंत नळ का आला नाही? आणि कंपनीलाही विचारावे, तुम्ही रोज किती पाणी उचलता? दानाची पावती घेऊन गप्प बसलो, तर महाडची वाट आपणच मोडली असे होईल.