मालिशचे काम, उपचाराची हद्द

कऱ्हाडला किंवा सांगलीत फिजिओथेरपी शिकणाऱ्या आणि पुढे खेळाडूंबरोबर काम करू पाहणाऱ्या मुलामुलींना दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून एक प्रश्न सतावतो. संध्याकाळी दोन तास मसाजचे काम धरले, तर खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे सुटतील का? वरवर पाहता हा पैशांचा हिशेब आहे. पण त्यात कायदाही येतो आणि समोरच्याच्या जिवाची जबाबदारीही.

हा भाग खेळाडूंचा. १९५२ मध्ये हेलसिंकीत पदक जिंकणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणारी ललिता बाबर माणदेशातली. पहिली महिला महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीतच झाली. तेव्हा मालिशला गिऱ्हाईक भरपूर असणार, असे वाटते. तालमीत मात्र ते सहसा मिळत नाही. तिथे पठ्ठे एकमेकांचे अंग रगडतात आणि त्याचे पैसे मोजायची रीत नाही. पैसे देणारा वर्ग वेगळा आहे: जिमला जाणारे नोकरदार, सायकलवाले आणि सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वरचा घाट चढणारे हौशी धावपटू.

या धावपटूंना मसाज नेमका काय देतो, हे आधी पाहू. घाट चढताना दम लागतो, पण पाय धरतात ते उतरताना. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू आखडायचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो. त्यात त्याच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये २९ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत एकूण १,०१२ जण होते. मसाजमुळे ताकद, वेग, उडी किंवा दमसास वाढल्याचे दिसले नाही. लवचिकता थोडी वाढली आणि हे उशिराचे दुखणे थोडे कमी झाले. फायदा छोटा असला तरी खरा आहे, आणि सोमवारी ऑफिसचा जिना उतरायचा असेल तर तो नगण्यही नाही.

‘मसाजने लॅक्टिक ॲसिड निघून जाते’ हे वाक्य मात्र विद्यार्थ्यांनी सोडून द्यावे. धावणे थांबल्यावर साधारण तासाभरात शरीर स्वतःच त्याची विल्हेवाट लावते. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात २०१२ मध्ये ११ तरुणांना दमवून त्यांच्या एकाच पायाला दहा मिनिटे मसाज दिला आणि दोन्ही पायांच्या स्नायूंचे नमुने तपासले. लॅक्टेटमध्ये फरक नव्हता. मसाज केलेल्या पायात दाहाच्या खुणा कमी होत्या. अभ्यास छोटा होता, हेही ध्यानात ठेवायला हवे.

आता धोक्याची बाजू. २०१६ मध्ये दिल्लीत बॅडमिंटन खेळताना घोटा दुखावलेल्या २३ वर्षांच्या तरुणाचा पाय काही आठवडे प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर काढल्यावरही दुखत होते, म्हणून आईने तेल लावून पाय चोळला. शिरेत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुप्फुसाकडे गेली आणि तो दगावला. एम्सच्या न्यायवैद्यक विभागाने हे प्रकरण नोंदवले आहे. असे क्वचितच घडते. पण एकच पोटरी सुजलेली, गरम, बसल्या जागीही दुखणारी असेल, तर तिला हात न लावता माणसाला डॉक्टरांकडे धाडायचे, एवढे मसाज करणाऱ्याला कळलेच पाहिजे. ताजा मुका मार, न उतरणारी सूज, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे यांनाही हाच नियम. नुसती मालिश शिकलेल्यापेक्षा फिजिओथेरपीचा विद्यार्थी इथे उजवा ठरू शकतो.

पण तो अजून फिजिओथेरपिस्ट नाही. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्यात फिजिओथेरपी नोंदणीचा व्यवसाय म्हणून समाविष्ट आहे. मसाजला तसे बंधन नाही, आणि गोंधळ होतो तो इथेच. गिऱ्हाईक ‘डॉक्टर, गुडघा बघा ना’ म्हणते आणि तिसऱ्या वर्षाचा मुलगा भिडेखातर बघतो. भारतीय क्रीडा प्राधिकरणसुद्धा मसाजर आणि फिजिओथेरपिस्ट यांची पदे वेगवेगळी भरते. विद्यार्थ्याने कार्डावर आणि बोलण्यात ‘मसाज’ एवढेच म्हणावे. निदान, व्यायामाचा तक्ता, मशीनचे शेक हे नोंदणी झालेल्या माणसावर सोडावे.

माझ्या मते घरोघरी जाण्यापेक्षा नोंदणीकृत फिजिओथेरपिस्टच्या क्लिनिकमध्ये किंवा शर्यतीच्या ठिकाणी त्यांच्या हाताखाली काम करणे बरे. मिळकत कमी होईल, पण शंका आली तर विचारायला माणूस जवळ असतो. अनोळखी घरी एकट्याने जाण्याचा धोकाही टळतो; मुलींसाठी तर हा मुद्दा पहिलाच आहे. महाविद्यालयांनीही शर्यतींच्या आयोजकांशी बोलून वरच्या वर्गातल्या मुलांना शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि मानधन ठरवून पाठवायला हरकत नाही. आज बऱ्याच ठिकाणी हे काम एक टी-शर्ट, नाश्ता आणि प्रमाणपत्रावर उरकले जाते. धावपटूकडून प्रवेश शुल्क घेतले जात असेल, तर त्याच्या पोटऱ्या चोळणाऱ्याला पैसे द्यायला आयोजकांनी मागेपुढे का पाहावे?