मुरमाची वाट

ओझरचे नाव काढले, की निम्मी माणसे हात जोडतात. त्यांच्या डोळ्यांसमोर जुन्नरकडचा विघ्नहर उभा राहतो. मग मला खुलासा करावा लागतो, "ते ओझर नव्हे हो! आमचे नाशिकजवळचे. विमानांचे!" 1964 साली मिग विमानांच्या कारखान्याने येथे पाय रोवले आणि गावाच्या नावाला 'मिग' हे शेपूट चिकटले. मिग-21 विमाने 2025 च्या सप्टेंबरात हवाई दलातून निवृत्त झाली. शेपूट मात्र अजून नोकरीत आहे.

अशा या विमानांच्या गावात मी यंदा सायकलीच्या नादी लागलो, याचे कारण माझा भाचा. तो परदेशी निघाला आणि जाताना आपली सायकल आमच्या व्हरांड्यात ठेवून गेला. तिचे नाव 'ग्रॅव्हल बाइक'. ग्रॅव्हल म्हणजे खडी. शर्यतीच्या सायकलीसारखे हिचेही हॅन्डल बोकडाच्या शिंगांसारखे खाली वळलेले असते, पण टायर चांगले चार सेंटिमीटर रुंद आणि त्यात हवा पुष्कळ कमी. त्यामुळे खडीवर चाक उसळत नाही, जमीन धरून चालते. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात 2006 पासून खडीच्या रस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत भरते, अशीही माहिती भाच्याने पुरवली. आमच्या सौभाग्यवतींनी किंमत तेवढी विचारली. ती ऐकून म्हणाल्या, "एवढ्यात मोटारसायकल आली असती. तिला इंजिन तरी असतं!"

नाशिक भागात सायकलीचे वेड नवे नाही. 2015 साली इथल्या महाजन बंधूंनी, दोघेही डॉक्टर, अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची शर्यत पुरी केली. माझी महत्त्वाकांक्षा इतकी मोठी नव्हती. मला फक्त बाणगंगा पाहायची होती.

वाचक म्हणतील, ओझरात राहून बाणगंगा पाहायची राहिली? राहिली खरी. तिच्या पुलावरून मी हजार वेळा गेलो असेन. पण ती कुठून येते, वाटेत कोणाकोणाला भेटते, हे मला ठाऊक नव्हते. हे लक्षात आणून दिले माझ्या वर्गातल्या एका मुलीने. ती वरच्या अंगाच्या एका वस्तीवरून सायकलीने ओझरला येते आणि तेथून एस.टी.ने कॉलेजात. जुलै-ऑगस्टात ती पहिल्या तासाला वरचेवर उशिरा यायची. मी हजेरीपट मिटून बसलेलो असायचो. कारण विचारले, की खाली मान घालून म्हणायची, "रस्ता, सर." ही सबब मी वीस वर्षे ऐकत आलो आहे. एकदा मी जरा लागेल असेच बोललो. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सर, आमच्या बाजूला आलाय का कधी?" वर्ग हसला नाही, तेच मला जास्त लागले.

दसरा झाला आणि एका रविवारी पहाटे मी निघालो. जानोरी मागे पडली, डांबर संपले, मोहाडीच्या बाजूला पाटाकाठची मुरमाची वाट लागली. मुरूम म्हणजे आपला काळा पाषाणच. ऊन-पाऊस खाऊन खाऊन तो असा भुसभुशीत, तांबूस झाला. त्यावरून चाक जाताना भाकरी मोडल्यासारखा आवाज येतो. डाव्या हाताला धुक्यातून रामसेज वर आला. 1682 साली औरंगजेबाच्या फौजांनी त्याला वेढा घातला आणि एवढ्याशा किल्ल्याने त्यांना काही वर्षे झुलवले. समोर दिंडोरी-वणीचा मुलूख आणि त्यामागे सप्तशृंगाची रांग. 17 ऑक्टोबर 1670 रोजी याच मुलखात, सुरतेहून परतणाऱ्या शिवाजी महाराजांनी दाऊदखानाची फौज उघड्या मैदानात मोडली. हे सगळे मी पुस्तकांतून वाचले होते. पण किल्ला आणि रणभूमी यांच्यामध्ये घोड्याला किती चढ आणि किती ओढे पडतात, हे मांड्यांना त्या दिवशी कळले. मोटारीतून इतिहासाच्या पाट्या दिसतात, सायकलीवरून त्याचे चढ लागतात.

डोक्यावरून एक विमान गेले. मी मान वर करीपर्यंत ते अख्खे खोरे ओलांडून दिसेनासे झाले होते. मला मात्र तोवर एक बाभूळसुद्धा ओलांडता आली नव्हती. आणि खरे सांगतो, मला त्याचा हेवा वाटला नाही.

ही चैन फार वेळ टिकली नाही. मुरूम संपून वाट काळ्या रानात उतरली. परतीचा पाऊस आदल्याच दिवशी झाला होता. दहा-वीस हात गेलो नाही, तो चिखल टायरला असा लपेटला, की चाक फिरेचना. सायकल उचलावी, तर ती चिखलाने दुप्पट जड झालेली. शेजारच्या बागेत द्राक्षांची गोडी छाटणी चालली होती. एक शेतकरी कात्री कमरेला खोचून आला, छाटलेली एक काडी माझ्या हाती देत म्हणाला, "हिनं खरवडा. बोटानं नाही निघायचं."

खरवडता खरवडता आम्ही बोललो. माझा उत्साह मावत नव्हता. मी त्यांना इटलीची गोष्ट सांगितली. तिकडे तोस्काना प्रांतात टेकड्यांमधून पांढरे कच्चे रस्ते जातात. त्यांवर डांबर पडू नये, ते जपले जावेत, म्हणून 1997 साली तेथे जुन्या सायकलींची एक फेरी सुरू झाली. 'लेरोइका' तिचे नाव. आता जगभरातून लोक जातात. "तुमचीही वाट अशीच राहायला हवी," मी म्हणालो.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "फेब्रुवारीत या, सर. माल निघतो तेव्हा. या वाटेनं क्रेट नेले, की हमरस्त्याला लागेपर्यंत मणी गळून तळाशी पडतात. घड दिसतो चांगला, पण व्यापारी हात घालून बघतो." जरा थांबून हसले. "आणि सायकलीचं म्हणाल, तर आमचा पाटकरी याच वाटेनं जन्मभर सायकलीवर फिरला. त्याच्या सायकलीला काही नाव नव्हतं."

यावर मी काय बोलणार? या खोऱ्याने वाट पाहण्यात पुष्कळ वर्षे घालवली आहेत. रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी 1925 साली ओझरला द्राक्षे लावली. पण वाघाड धरणाचा कालवा झाला, तरी त्याच्या शेपटाकडे असलेल्या ओझरपर्यंत पाणी धड पोचत नसे. 1990 नंतर बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना एकत्र आणले. पाणीवापर संस्था निघाल्या, पाणी मोजून घेतले जाऊ लागले, बाणगंगेवरचे बंधारे भरून विहिरींना पाझर फुटले. ज्यांनी पाणी असे हक्काने मागून आणले, त्यांनी रस्ता मागितला, तर मी रविवारचा पाहुणा नको म्हणणारा कोण?

तेथून अर्ध्या मैलावर माझ्या विद्यार्थिनीची वस्ती होती. वस्तीच्या तोंडाशी तिची सायकल भिंतीला टेकवलेली दिसली. साधी, काळी, कॅरिअरवर दोरी गुंडाळलेली. तिचे मडगार्ड काढून टाकलेले होते. का काढले असेल, हे मला आता कोणी सांगावे लागले नाही. मडगार्ड असले, की चिखल त्यात अडकतो.

मी हाक मारली नाही. तोंड दाखवायला लाज वाटली, हे कबूल करतो.

परत येताना पुलावर थांबलो. पाणी थोडेच होते, पण आता ते ओळखीचे वाटले. सोमवारी तास संपल्यावर त्या मुलीला बोलावून म्हणालो, "काल तुमच्या बाजूला आलो होतो. रस्ता पाहिला."

तिने माझ्या बुटांकडे पाहिले. शिवणीत काळी माती अजून होती.

"चिखलात अडकलात, सर?"

"अडकलो."

"बाभळीपासून डावीकडून यायचं. बांधावरून. तिथं मुरूम आहे," ती म्हणाली, आणि लगेच पुढे, "पण पावसात तोही बांध वाहून जातो."

त्या दिवशी घरी येऊन मी दोन कामे केली. रस्त्यासाठीच्या त्यांच्या अर्जाचा मसुदा शुद्धलेखन तपासून नीट लिहून दिला. मराठीच्या मास्तराकडून एवढेच होण्यासारखे होते. आणि जुलै-ऑगस्टच्या हजेरीपटातल्या तिच्या नावापुढच्या गैरहजेरीच्या खुणा दुरुस्त करून खाली सही केली. डांबर पडेल तेव्हा पडो. पाटाची मुरमाची वाट त्यानंतरही मला पुरेल. मात्र तिने तिच्या रस्त्याने पहिल्या तासाला वेळेवर यावे.