घड्याळ नाही, तर कागद तरी दाखवा!

भंडारा जिल्ह्यातील पालक, खेळाडू, क्रीडाशिक्षक आणि पंचांना जाहीर आवाहन



लाखनीचा शंकरपट आपण पाहिला आहे. बैलजोडी दाणीवर सुटते, घड्याळ थांबते, सेकंद माईकवरून सांगितले जातात. मालक पाटील असो की अर्ध्या एकराचा धनी, सेकंद सर्वांना सारखेच. हरलेला हळहळतो, पण निकालावर बोट ठेवत नाही.

योगासन, मल्लखांब, जिम्नॅस्टिक्स, कलात्मक स्केटिंग या खेळांत मात्र घड्याळ नसते. पंचाची नजर हेच तिथले माप. म्हणूनच ते माप झाकून ठेवता येणार नाही. आमचा अनुभव काय? माईकवर तीन नावे पुकारली जातात. गुण विचारले तर उत्तर येते, "निकाल अंतिम आहे." वर्षभर पहाटे उठलेल्या पोरीला आपण कुठे कमी पडलो, हेही कळत नाही. ती पुढच्या वर्षी सुधारणार तरी काय?

"गुण दाखवले तर भांडणे होतील," असे आम्हाला सांगतात. याचे उत्तर बर्फावरच्या फिगर स्केटिंगने देऊन ठेवले आहे. २००२ च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिम्पिकमध्ये रशियन जोडीला ५ विरुद्ध ४ पंचांच्या कौलाने सुवर्ण मिळाले. कॅनडाच्या साले-पेलेतिए जोडीची कामगिरी निर्दोष झाली होती. फ्रेंच पंच मारी-रेन ल गून यांच्यावर दबाव आणला गेल्याचा आरोप झाला. शेवटी कॅनडालाही सुवर्ण द्यावे लागले, आणि ल गून व फ्रेंच संघटनेचे अध्यक्ष यांना ३ वर्षांसाठी निलंबित केले गेले.

त्यानंतर गुणदान पद्धत बदलली. सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी गुण बाद करून सरासरी काढण्याची रीत आली. ती चांगलीच. पण सोबत कोणत्या पंचाने किती गुण दिले, तेच लपवले गेले. पंचावर दबाव येऊ नये, हे कारण. संशय मिटला का? उलट वाढला. अखेर २०१६ मध्ये ही गुप्तता रद्द करावी लागली. जगाने झाकून पाहिले आणि मग उघडले. आपण तोच फेरा पुन्हा कशाला मारायचा?

संघनिवडीचेही तेच. २०२३ च्या आशियाई खेळांसाठी कुस्तीपटू विनेश फोगट यांना चाचणीविना प्रवेश मिळाला. चाचणी जिंकूनही अंतिम पंघाल राखीव राहिली. ती दिल्ली उच्च न्यायालयातही गेली होती, पण याचिका फेटाळली गेली. पुढे विनेश यांनी गुडघ्याच्या दुखापतीमुळे माघार घेतली, तेव्हा अंतिम गेली आणि कांस्य घेऊन आली. न्याय दुखापतीच्या भरवशावर सोडायचा का?

तालुका, जिल्हा, नागपूर विभाग, राज्य अशी ही शिडी आहे. तिच्यावर दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतील खेळाडूंचे ५ टक्के आरक्षण टांगलेले आहे. खालची पायरी डळमळली, तर खेड्यातले पोर वर पोहोचतच नाही.

पंचांवर आमचा राग नाही. लहान जिल्ह्यात माणसे मोजकी. जो शिकवतो त्यालाच पंच व्हावे लागते. म्हणूनच प्रामाणिक पंचाचे संरक्षणही उघड गुणपत्रकच करील.

आमच्या मागण्या :

१. प्रत्येक पंचाचे गुण सहीसह, निकालासोबतच फलकावर लावा.
२. ज्याचा शिष्य किंवा नातलग मैदानात, तो त्या गटाचा पंच नको. गरज पडल्यास गोंदिया-नागपूरहून पंच बोलवा.
३. किमान पाच पंच ठेवा. टोकाचे दोन गुण बाद करा.
४. निवड चाचणीची तारीख, ठिकाण व निकष १५ दिवस आधी प्रत्येक शाळेला लेखी कळवा.
५. लेखी आक्षेपाला लेखी उत्तर द्या.

पालकांनो, लेकरू हरले तर त्याला पोटाशी धरा, पंचाशी हुज्जत घालू नका. पण गुणपत्रक मागा. शालेय स्पर्धा सरकारी खर्चाने होतात. कागद दिला नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज लिहा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.

आपले,
भंडारा जिल्ह्यातील खेळाडूंचे पालक